त्यांच्याकडं पण कोणी विटेवर उभं असेल का?

या आठवड्यातलं पत्र फलटण तालुक्यातून आलंय. थोडं कमी करून देते, नाव-गाव काढून टाकलंय.

"बाई, राम कृष्ण हरी. वय ६८. एसटीत ३१ वर्षं ड्रायव्हर होतो. रिटायर झाल्यापासून दरवर्षी माउलींच्या पालखीबरोबर पायी जातो, त्याआधी रजा मिळंल तसं जायचो. माझी नात साताऱ्याला बीएस्सी फिजिक्स करते. दिवाळीत आली होती, लाइट गेली म्हणून आम्ही दोघं गच्चीवर पडलो होतो. ती सांगत होती की एवढे तारे आहेत, त्यांच्याभोवती ग्रह आहेत, कुठंतरी आपल्यासारखं विचार करणारं कोणीतरी असंलच. मी ऐकत होतो. मग ती म्हणली, आबा, चौऱ्याऐंशी लाख योनीत एलियन मोजलेत का ओ? माझं डोकंच फिरलं. म्हणलो गप बस, दोन पुस्तकं शिकली म्हणून देवाधर्माची टिंगल करायची न्हाय. ती उठून खाली गेली. तेव्हापासून फोनवर 'जेवलात का' एवढंच बोलते. पण बाई खरं सांगतो, राग तिचा नव्हता, मला भीती वाटली. झोप येत नाही. तिकडं खरंच कोणी असंल तर आमचा विठोबा त्यांचा पण आहे का? का तो फक्त आमच्या चंद्रभागेकाठीच उभा आहे? अठ्ठावीस युगं म्हणतो आपण आरतीत, आणि ती म्हणते विश्व १३८० कोटी वर्षांचं आहे. आमच्या भजनी मंडळात एकजण मोबाईल दाखवतो, एलियनचं यान सूर्याकडं आलं होतं, कलियुग संपायला आलं, एक महाराज त्याची शांत करून देतात म्हणे. ते मला पटत नाही पण उत्तर पण सुचत नाही. गळ्यात माळ आणि मनात असलं, म्हणजे मी खोटा वारकरी का? घरात कोणाला विचारायची सोय नाही."

भाऊ, राम कृष्ण हरी.

तुमचं पत्र चार दिवस माझ्या टेबलावर आहे, रोज एकदा वाचते. "राग तिचा नव्हता, मला भीती वाटली" हे जे तुम्ही लिहिलंय ना, ते लिहायला किती जड गेलं असेल याची मला कल्पना आहे, बरीच माणसं आयुष्यभर राग राग करतात आणि खाली भीती आहे हे स्वतःलासुद्धा सांगत नाहीत. तुम्ही सांगितलंत म्हणून आपल्याला पुढं बोलता येतंय.

आधी ते यानाचं मिटवून टाकू. मोबाईलवर जे फिरलं ते यान नव्हतं, तो धूमकेतू आहे. जुलै २०२५ मध्ये चिली देशातल्या एका दुर्बिणीतून तो पहिल्यांदा दिसला, नाव थ्रीआय अॅटलास. तो आपल्या सूर्यमालेच्या बाहेरून आलाय एवढं मात्र खरंय, आणि ते भारीच आहे, कारण असे बाहेरून आलेले पाहुणे आजवर तीनच सापडलेत, पहिला २०१७ ला, दुसरा २०१९ ला आणि हा तिसरा. पृथ्वीच्या सगळ्यात जवळ आला तेव्हा, डिसेंबरमध्ये, तो २७ कोटी किलोमीटरवर होता. सूर्य आपल्यापासून १५ कोटी किलोमीटर आहे, म्हणजे बघा. बर्फ आणि धुळीचा गोळा आहे, आला तसा निघून जातोय, त्याची शांत कशाची करायची? मंडळातल्या कोणी त्या महाराजांना पैसे दिले नसतील तर देऊ देऊ नका, आणि दिले असतील तर परत मागायला सोबत जा. आपल्या साताऱ्याचे डॉ. दाभोलकर आयुष्यभर हेच सांगत आले की त्यांचं भांडण देवाशी नाही, देवाच्या नावावर लुबाडणाऱ्याशी आहे. माळकरी माणसाने हे भांडायला काहीच हरकत नाही, उलट ते त्यानंच भांडावं असं मला वाटतं.

आता खरा प्रश्न. आहे का कोणी तिकडं?

मी हे लिहीपर्यंत तरी पृथ्वीबाहेर एकसुद्धा जीव सापडलेला नाही, साधा जीवाणू पण नाही. हे पहिलं लक्षात ठेवा. पण तुमची नात हवेतलं बोलत नाहीये. तुम्ही एसटीत नवीन लागलात तेव्हा आपल्या सूर्यासारख्या दुसऱ्या ताऱ्याभोवती एक तरी ग्रह आहे का हे जगात कोणाला नक्की माहीत नव्हतं, तसला पहिला ग्रह १९९५ ला सापडला, त्या दोन शास्त्रज्ञांना त्यासाठी २०१९ ला नोबेल पण मिळालं, आणि आज बाहेरच्या ग्रहांची मोजदाद ६ हजारांच्या वर गेलीये. नुसत्या आपल्या आकाशगंगेत कमीत कमी १० हजार कोटी तारे आहेत, आणि अशा आकाशगंगा पण मोजता येणार नाहीत एवढ्या. एवढ्या पसाऱ्यात फक्त इथंच चूल पेटली असेल असं म्हणणं आता शास्त्रज्ञांनाच जड जातंय.

पण मग ते दिसत का नाहीत, ऐकू का येत नाहीत, हा प्रश्न पण शास्त्रज्ञांनीच विचारलाय. १९५० ला एन्रिको फर्मी नावाच्या मोठ्या शास्त्रज्ञाने जेवता जेवता विचारलं होतं, की मग सगळे आहेत तरी कुठं? १९६० ला फ्रँक ड्रेक यांनी अमेरिकेत मोठ्या रेडिओ दुर्बिणीचा कान दोन ताऱ्यांकडं लावून ऐकायला सुरुवात केली, तेव्हापासून माणूस ऐकतोय. १९७७ च्या ऑगस्टमध्ये एकदा ७२ सेकंद एक जोरदार सिग्नल आला, पुन्हा कधीच आला नाही, तो कशाचा होता ते आजपर्यंत ठरलेलं नाही. बाकी शांतता.

आणि अंतर. हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळेल, म्हणून मी बसून हिशोब केला. सूर्य सोडला तर सगळ्यात जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षांवर आहे, म्हणजे प्रकाशालासुद्धा तिथून यायला सव्वाचार वर्षं लागतात. ताशी ६० ने एसटी काढली, कुठं थांबा नाही, चहापाणी नाही, ड्रायव्हर बदलायला पण थांबायचं नाही, तर पोचायला साडेसात कोटी वर्षं लागतील. डायनासोर नाहीसे झाले त्याला साडेसहा कोटी वर्षं झाली, म्हणजे ते चरत असताना डेपोतून गाडी काढली असती तर आत्ता कुठं त्या ताऱ्याच्या स्टँडवर लागली असती. आणि हा शेजारचा थांबा झाला, लांब पल्ल्याचा नाही. माझं स्वतःचं मत विचाराल तर मला वाटतं बारीकसारीक जीव तिकडं असणार, बुद्धी असलेले पण कुठंतरी असतील, पण तुमच्या माझ्या हयातीत तर सोडाच, नातीच्या हयातीतसुद्धा त्यांची आपली भेट होईल असं मला वाटत नाही. तुमच्या झोपेला एवढा तरी आधार घ्या.

पण मला माहितीये, भेट होणार नाही म्हणून तुमचा प्रश्न सुटत नाही. नुसतं "असतील" एवढ्यानंच तुमच्या आत काहीतरी हललंय.

एक गोष्ट सांगते. १९९७ साली मी माणमध्ये, दहिवडीजवळच्या एका शाळेत शिकवत होते. त्या वर्षी मार्च-एप्रिलमध्ये हेल-बॉप नावाचा धूमकेतू नुसत्या डोळ्यांनी दिसायचा, संध्याकाळी वायव्येला, शेपटीसकट. मी पोरांना शाळेच्या मैदानात जमवलं होतं. आमच्या शिपाईमामांची आई पण आली, पंचाहत्तरीच्या पुढची, पदर डोक्यावर, हातात काठी. पोरं दाखवतायत, आजी तिकडं नाही, त्या लिंबाच्या शेंड्याच्या वर बघ. सापडला तशी तिनं काठी बगलेत धरली आणि आधी हात जोडले. मग माझ्याकडं वळून विचारलं, "बाई, तिकडं पाणी हाय का?"

माणची बाई ती. हंडा घेऊन दोन-दोन मैल गेलेली, टँकरमागं पळालेली. तिला आकाशात काहीतरी दिसल्यावर पहिला प्रश्न हा पडला. आणि मी तेव्हा काय सांगितलं माहितीये का, आहे आजी, पण सगळा बर्फ आहे. ती म्हणली, "मग हुईल की कायतरी." आणि गेली घरी, भाकरी टाकायच्या होत्या म्हणून.

भाऊ, जगातले सगळे शास्त्रज्ञ जीव शोधायला निघतात तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न अगदी हाच असतो, पाणी आहे का. १४ ऑक्टोबर २०२४ ला नासाचं एक यान निघालंय, युरोपा क्लिपर, ते २०३० ला गुरू ग्रहापाशी पोचेल. गुरूला युरोपा नावाचा चंद्र आहे, वरून सगळा बर्फ, आणि त्या बर्फाखाली पृथ्वीवरच्या सगळ्या समुद्रांच्या दुप्पट पाणी असावं असा अंदाज आहे. तिथं जीव जगण्यासारखी परिस्थिती आहे का एवढंच ते बघणार आहे. त्या आजीला मी आजही विसरलेले नाही, कारण तिनं हात पण जोडले आणि प्रश्न पण विचारला, एका दमात, आणि दोन्हीत तिला काही भांडण दिसलं नाही.

तुमच्या नातीनं पण तेच केलंय, फक्त तिनं हात जोडलेले तुम्हाला दिसले नाहीत.

तिचा प्रश्न परत वाचा बरं. चौऱ्याऐंशी लाख योनीत एलियन मोजलेत का. ही टिंगल नाही ओ. जिला टिंगल करायची असते ती योनी-बिनी सगळं भंपक आहे म्हणून मोकळी होते. ही पोरगी तुमचं आणि तिचं एकत्र कसं बसवायचं ते विचारतेय, तुमच्या शब्दात विचारतेय, आणि तुम्हालाच विचारतेय, कॉलेजातल्या सरांना नाही. मी ३४ वर्षं शिकवलं, मला पोरांच्या प्रश्नातला फरक कळतो.

आणि तिला उत्तर काय द्यायचं म्हणाल तर जे आहे ते. आपल्याकडं एक जुनी यादी सांगतात, पाण्यातले ९ लाख, झाडं-वेली २० लाख, किडे ११ लाख, पक्षी १० लाख, पशू ३० लाख आणि माणसाच्या ४ लाख. आता माणसाच्या ४ लाख योनी कुठल्या, इथं तर एकच जात दिसते, हा प्रश्न मी लहानपणी आमच्या आजोबांना विचारला होता, ते म्हणाले होते, आपल्याला कुठं सगळं दिसतंय. एवढंच सांगा तिला, पण एक काळजी घ्या, हे बघ आपल्या ग्रंथात आधीच लिहिलेलं होतं, असं म्हणू नका. २०११ ला काही शास्त्रज्ञांनी पृथ्वीवर साधारण ८७ लाख जातींचे जीव असावेत असा अंदाज काढला, लगेच फॉरवर्ड सुरू झाले की बघा, चौऱ्याऐंशी लाख! पण दुसऱ्या शास्त्रज्ञांचे अंदाज कमीजास्त आहेत, काही तर कितीतरी जास्त आहेत, उद्या आकडा बदलला की मग काय, धर्म खोटा ठरवणार का? संतांना असल्या टेकूची गरज नाही. त्यांनी जे सांगितलं ते जीवांची मोजणी करायला नव्हतंच सांगितलं, एवढा मोठा जिवांचा मेळा आहे, त्यात तू एक, जरा नम्र रहा, यासाठी होतं.

अठ्ठावीस युगांचं पण तसंच. १३८० कोटी वर्षं हा आकडा बरोबर आहे, तिनं चुकीचं नाही सांगितलं. पण तुम्ही आरतीत ते म्हणता तेव्हा कॅलेंडर मोजत असता का? पुंडलिकानं वीट फेकली, थांब म्हणाला, आणि तो थांबलाय, किती वेळ तर मोजायची सोय नाही एवढा वेळ. कोणीतरी आपल्यासाठी एवढं थांबतं हे त्या ओळीत आहे. १३८० कोटीनं ते खोटं पडत नाही.

आता मुख्य. विठोबा त्यांचा पण आहे का.

भाऊ, तुम्ही आषाढीला दर्शनबारीत उभे राहिलात कधी? राहिलाच असाल. रांग पार गोपाळपूरच्या पत्राशेडपर्यंत गेलेली असते, रात्र निघून जाते, पाय भरून येतात, पुढच्याच्या पाठीवर डोकं टेकवून माणसं उभ्या उभ्या डुलकी घेतात. मग गाभाऱ्यात पोचता, पायावर डोकं टेकवता, दोन सेकंद, तेवढ्यात कोणीतरी खांद्याला धरून पुढं ढकलतं. झालं. मागं अजून लाखभर माणूस आहे. आता मला सांगा, त्या दोन सेकंदात तुमच्या मनात कधी आलं का की मागं लाखभर आहेत म्हणजे माझ्या वाटणीचा विठोबा कमी झाला? माझ्या आधी साठ हजार जण टेकवून गेले, आता पायात काही उरलं नसेल? कधी आलंय का असं मनात? उलट गर्दी बघून ऊर भरून येतो. एकटाच असतो तिथं तर कदाचित रडू पण आलं नसतं.

मग ती रांग आणखी लांब असली तर काय बिघडलं? पत्राशेडच्या पुढं, पृथ्वीच्या पुढं, कुठल्या तरी ताऱ्यापर्यंत गेलेली असली तर? तुमचे ते दोन सेकंद तुमचेच आहेत की.

मला वाटतं तुमची भीती ही आहे, भाऊ, आणि मी हे तुम्हाला दुखवायला म्हणत नाहीये, की आपण लाडके आहोत, एकुलते आहोत, देवानं एवढं सगळं मांडलं ते आपल्यासाठी, आणि आता कळतंय की कदाचित घरात आणखी भावंडं आहेत. धाकटं भावंड आलं की थोरल्याला जे वाटतं ना ते. ते वाटणं खोटं नाही, पाप तर अजिबात नाही. पण आईचं प्रेम वाटलं गेल्यानं कमी झालं नव्हतं हे थोरल्याला पुढं कळतंच.

माउलींनी पसायदानात काय मागितलंय बघा, १२९० सालातलं मागणं आहे. जो जे वांछील तो ते लाहो, आणि पुढं शब्द कुठला, प्राणिजात. मनुष्यजात नाही. वारकरी नाही, मराठी नाही, माणूससुद्धा नाही, प्राणिजात. तिथं कुंपण घालायची पूर्ण सोय होती आणि त्यांनी घातलं नाही. आता परत सांगते, माउलींना परग्रहावरचे जीव माहीत होते असं मी म्हणत नाहीये, ते म्हणणं खोटेपणा होईल. एवढंच म्हणतेय की मागणं मागताना त्यांनी दार उघडं ठेवलं, उद्या कोणीही आलं तरी ते मागणं बदलायला लागणार नाही.

दार आपण बंद केलं होतं. हे पण बोलायलाच पाहिजे. तिकडचे जीव विठोबाला चालतील का असं विचारण्याआधी, चोखोबांना आपण कुठं उभं केलं होतं ते आठवा. त्यांची समाधी महाद्वाराशी, नामदेव पायरीजवळ, बाहेर. आणि त्यांच्या माणसांना पंढरपूरच्या देवळात जाता यावं म्हणून साने गुरुजींना उपोषण करावं लागलं ते साल होतं १९४७. ज्याच्या घरचं देवाला चालतं, त्याच घरचा माणूस मात्र बाहेर, एवढी शतकं. विठोबानं कधी कोणाला नको म्हटलं नाही, नको म्हणणारे दारावरचे होते. म्हणून मला तिकडच्या जीवांची आणि देवाची काळजी वाटत नाही, मला माणसाची काळजी वाटते, कारण समोर वेगळं कोणी आलं की पहिल्यांदा आपण हे आपल्यातलं का तिकडचं तेच बघतो. धर्मापुढं खरी परीक्षा आली तर ती ही येईल.

बाकीचे धर्म काय म्हणतात तेही थोडं सांगते, म्हणजे तुम्ही एकटेच जागे नाही हे कळेल. सांगलीत माझी एक जैन मैत्रीण आहे, तिला फोन करून विचारलं तर ती सहज म्हणाली, अगं आमचे सीमंधर स्वामी, तीर्थंकर ते, आत्ता या क्षणी विदेह क्षेत्रात, म्हणजे दुसऱ्याच एका भूमीवर आहेत, इथं नाहीत, आम्हाला लहानपणापासून माहीत आहे की सगळं इथंच नसतं. मुसलमानांच्या रोजच्या नमाजात पहिल्याच सूऱ्यात अल्लाला सगळ्या जगांचा पालनकर्ता म्हटलंय, एका जगाचा नाही. ख्रिश्चनांना हा प्रश्न जास्त अवघड गेला, कारण येशूचं येणं आणि क्रूसावर जाणं हे एकदाच आणि इथंच घडलं असं ते मानतात, मग तिकडच्यांचं काय? अनंत जगं आहेत म्हणणाऱ्या जिओर्दानो ब्रुनोला १६०० साली रोममध्ये जिवंत जाळलं, त्याच्यावर इतरही बरेच आरोप होते पण हे म्हणणं त्यात होतंच. आणि त्याच रोमजवळ पोपची स्वतःची वेधशाळा आहे, तिचे तेव्हाचे प्रमुख फादर फ्युनेस यांनी २००८ ला उघड सांगितलं की परग्रहावर जीव असेल असं मानण्यानं श्रद्धेला बाधा येत नाही, ते आपले भाऊच. चारशे वर्षं लागली, पण पोचले.

त्याच सुमारास अमेरिकेत टेड पीटर्स नावाच्या धर्मशास्त्राच्या प्राध्यापकांनी वेगवेगळ्या धर्माच्या हजारावर लोकांना विचारलं होतं की परग्रहावर बुद्धिमान जीव सापडले तर तुमच्या श्रद्धेचं काय होईल. बहुतेक धार्मिक लोक म्हणाले आमचं काही बिघडणार नाही. धर्म कोसळतील असं जास्त कोणाला वाटलं, तर जे धर्म मानतच नाहीत त्यांना! तुमच्यासारखी माणसं स्वतःला वाटतात त्यापेक्षा पक्की असतात, भाऊ.

अजून एक सांगायचंय, हे माझं फार आवडतं आहे. १९७७ ला व्हॉयेजर नावाची दोन यानं सुटली, त्यांच्यात सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे, कोणी भेटलंच तर पृथ्वीची ओळख व्हावी म्हणून. त्यात ५५ भाषांमध्ये नमस्कार आहेत, त्यात आपली मराठी आहे. आणि गाण्यांमध्ये केसरबाई केरकरांची भैरवी आहे. केसरबाई लहानपणी काही महिने अब्दुल करीम खाँसाहेबांकडं शिकल्या होत्या, ज्यांची कबर आपल्या मिरजेच्या दर्ग्यात आहे. त्यातलं व्हॉयेजर-१ सप्टेंबरमध्ये सुटलं आणि त्याच महिन्यात केसरबाई गेल्या. ते यान आता इतकं लांब आहे की प्रकाशाला तिथं पोचायला जवळजवळ पूर्ण दिवस लागतो, तरी दुसऱ्या एखाद्या ताऱ्याच्या आसपास जायला त्याला अजून ४० हजार वर्षं लागतील. तुमच्या मंडळाचं भजन पण भैरवीवरच संपतं ना? तीच भैरवी, भाऊ. तिकडं निघालीये. आपण तर आधीच हाक मारून बसलोय.

माळेचं विचारलंत. काढू नका. शंका आली म्हणून माळ काढायची असती तर तुकोबांच्या गळ्यात पण राहिली नसती, देवाशी त्यांच्याएवढं भांडलंय कोण? तुम्ही खोटे वारकरी नाही. खोटा तो जो मनात आलेलं दाबून टाळ अजून जोरात वाजवतो. तुम्ही कोणालातरी लिहिलंत.

पण नातीचं मात्र तुम्ही चुकलात, आणि ते तुम्हालाच दुरुस्त करायला लागेल, तिची आई किंवा मी मध्ये पडून होणार नाही. आजच फोन करा. जेवलीस का झालं की तिथं थांबू नका. सरळ म्हणा, त्या दिवशी तू विचारलंस ना चौऱ्याऐंशी लाखाचं, मला उत्तर येत नव्हतं, भीती वाटली म्हणून ओरडलो. एवढं तीन वाक्यात होतं. वयानं मोठ्या माणसानं असं म्हटलेलं पोरं जन्मभर विसरत नाहीत, मला अनुभव आहे, माझ्या वडिलांनी मला एकदाच म्हटलं होतं आणि मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते.

मग पुढच्या सुट्टीत आली की गच्चीवर जा. लाइट जायची वाट बघू नका, खालचा बल्ब बंद करा. तिला म्हणा मला गुरू दाखव. तिच्या मोबाईलवर कुठं बघायचं ते येतं, आणि नुसत्या डोळ्यांना पण तो ठळक दिसतो, लुकलुकत नाही. शेजारीपाजारी कोणाकडं दुर्बीण असेल, पक्षी बघायची साधी असते तसली, तर मागून घ्या, हात भिंतीला टेकवून स्थिर धरली की गुरूच्या बाजूला एका ओळीत बारीक ठिपके दिसतात, ते त्याचे चंद्र, त्यातला एक युरोपा, तो पाण्याचा. कुठला ते तिला विचारा. तुम्ही रात्री एकट्यानं गाडी चालवताना आकाशात काय काय बघितलंय ते तिला सांगा, ते तिला कुठल्या पुस्तकात मिळणार नाही.

आणि आषाढात पालखी नीरा ओलांडून आपल्या जिल्ह्यात आली की तिला एक दिवस बोलवा. पंढरपूरपर्यंत चालायचा आग्रह करू नका, तिची परीक्षा-बिरीक्षा असेल. लोणंदहून तरडगावच्या वाटेवर चांदोबाच्या लिंबापाशी पहिलं उभं रिंगण असतं, तेवढं बघून ती संध्याकाळच्या गाडीनं साताऱ्याला परत जाऊ शकते. गर्दीत तिचा हात धरून ठेवा.